डूसू लढवताय? मग थोडं हिरवंपण दाखवा

भावा, दिल्ली विद्यापीठात शिकायला गेलास, राजमा-चावल पचवलेस आणि आता थेट डूसूची, म्हणजे तिथल्या विद्यार्थी संघाची, निवडणूक लढवतोयस, मानलं तुला. आपल्या महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकातच बंद पडल्या, त्यामुळे इथली पोरं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हौस भागवतात. तू नशीब काढलंस. फक्त जाहीरनाम्यात "ग्रीन कॅम्पस" टाकायला विसरू नको, पोरी वाचतात.

आता फिरायचं कसं? विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह कमिटीने 2006 मध्येच सांगून ठेवलंय की प्रचारात वाहनं नकोत आणि प्राणीही नकोत. म्हणजे बैलगाडी, जो एकमेव खराखुरा इको-फ्रेंडली पर्याय होता, तोच कमिटीने मारला, मग बिचाऱ्या उमेदवाराने थार नाही आणायची तर काय करायचं? आणि ती प्रचाराला नसतेच, मित्राची असते, सहज आलेली असते, मागे अजून वीसेक सहज आलेल्या असतात. प्रत्येकीच्या दारा-टपाला आठ-दहा कार्यकर्ते लटकव, याला कारपूलिंग म्हणायचं. प्रदूषणावरचं भाषण सनरूफमधून डोकं बाहेर काढूनच द्यायचं, हवा कशी आहे ते नाकाला लगेच कळतं. एसी मात्र चालू ठेव, खाली पोरं बसलीत. उमेदवाराची खर्चाची मर्यादा 5000 रुपये आहे, त्यात डिझेल दाखवू नको, चहा-समोसा दाखव.

एक दिवस मेट्रोला दे. विश्वविद्यालय स्टेशनला यलो लाईन पकड, दांडीला धरून उभा राहा (सीट मिळाली तरी बसू नको, फोटोत गरिबी दिसत नाही), आणि पुढच्याच जीटीबी नगरला उतर, बाहेर गाडी उभी असेलच. विद्यार्थ्यांना सवलतीचा मेट्रो पास देणार हे वचन दणकून दे. हे वचन इतकी वर्षं जपून वापरलं गेलंय की चुकून पूर्ण झालं तर पुढच्या बॅचने काय मागायचं? 2025 ला विद्यार्थ्यांसाठीच्या यू-स्पेशल बस परत सुरू झाल्या, त्याही इलेक्ट्रिक, त्याचं श्रेय बिनधास्त घे. दिल्लीच्या मुख्यमंत्री रेखा गुप्ता 1996-97 ला डूसूच्या अध्यक्ष होत्या, तेव्हा "आमच्या डूसूनेच आणल्या" म्हणायचं, त्यांची संघटना कुठली आणि तुझी कुठली हे गर्दीत कोण बघतंय.

कागदाचं टेन्शन घेऊ नको. पोस्टर हाताने बनवलेलंच चालतं, म्हणून छापखान्यात हस्ताक्षराचा फॉन्ट माग. नावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकव, नोटीस आली की "हा मी नव्हेच" म्हणायला मोकळा. उमेदवारांच्या यादीत वर यायचं असेल तर नावाच्या सुरुवातीला दोन-तीन ए (A) जास्तीचे लाव, आईबापांना नंतर समजावू. पत्रकं वाटत बसू नको, हवेत उधळ, सगळ्या रस्त्यावर पांढरा गालिचा झाला की पोरं म्हणतात वजन आहे याचं.

हां, एक खबरदारी. 2024 ला भिंती रंगवून ठेवल्या म्हणून हायकोर्टाने मतमोजणीच अडवली, 27 सप्टेंबरचं मतदान आणि मोजणी 25 नोव्हेंबरला, तोवर उमेदवार भिंती पुसत बसले होते. तू आधीच सफाई मोहीम जाहीर करून टाक, हातात ब्रश, गळ्यात हार, एक रील. रंगाचे डबे आणायला ई-रिक्षा पुरते, पण ती फोटोत बारकी दिसते, दोन स्कॉर्पिओ सांगून ठेव.