हप्ते पाडले म्हणून शास्ती थांबत नाही

मार्च आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला: ‘घर टॅक्स थकला तरी घाबरू नका. हप्ते पाडून घेणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. पहिला हप्ता भरला की शास्ती (उशिराचा दंड) थांबते, जप्ती येत नाही. तेही नको तर थांबा, शास्ती माफ करणारी अभय योजना येतेच. आणि घर विकलं की बाकी नव्या मालकाला लागत नाही.’ खाली पन्नास अंगठे.

आधी हक्काचं बोलू. ‘हप्ता’ कायद्यात आहे, पण तो वेगळा. महानगरपालिका अधिनियमाच्या कराधान नियमांप्रमाणे मालमत्ता कर दोन सहामाही हप्त्यांत, आगाऊ भरायचा असतो: १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. हा चालू वर्षाचा कर झाला. थकलेल्या रकमेचे तुकडे पाडून मिळणं ही महापालिकेच्या झोन ऑफिसातली सवलत, हक्क नाही. मागा जरूर, पण लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.

खरा घोळ शास्तीचा. दर महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. एवढं व्याज तर बँकेचं पर्सनल लोनही सहसा लावत नाही. आमच्या काकाजींचा नागपूरच्या महाल भागातल्या घराचा मूळ कर ४०,००० थकला होता. म्हणजे महिन्याला ८०० रुपये शास्ती. चार हप्ते ठरले, तेही तोंडी. पहिले १०,००० भरून काकाजी निवांत. पुढचं डिमांड आलं तेव्हा कपाळाला हात. पावती चष्म्याजवळ धरून रकाने वाचले तेव्हा उलगडा झाला: भरलेल्यातला मोठा भाग आधीच साचलेल्या शास्तीत गेला होता, मूळ कर जेमतेम हलला होता. सगळे १०,००० मूळ करात गेले असते तरी उरलेल्या ३०,००० वर महिन्याला ६०० चढलेच असते. हप्त्यानं शास्ती फार तर कमी होते. म्हणून काउंटर सोडण्याआधी पावतीवर इंडेक्स नंबर (महापालिकेच्या नोंदीतला मालमत्तेचा क्रमांक) बरोबर आहे ना आणि पैसे कोणत्या वर्षात, कोणत्या रकान्यात जमा झाले, ते बघा.

जप्तीचंही तसंच. बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट, असा तो क्रम आहे, आणि शेवटी घर जप्त होऊन लिलावाला निघू शकतं. एका हप्त्यानं हा क्रम आपोआप मागं फिरत नाही. कारवाई थांबवल्याचा कागद हाती हवा. पुढच्या तारखांचे चेक देऊन सुटणाऱ्यांनी खात्यात पैसे ठेवावेत. चेक परतला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चं, म्हणजे चेक न वटल्याचं, प्रकरण वेगळंच मागं लागतं.

अभय योजनेची वाट पाहणाऱ्यांना काय सांगावं बाप्पा! माफी मिळते ती शास्तीत, मूळ करात नाही. मुदत ठरलेली असते आणि बहुतेक वेळा उरलेली रक्कम एकरकमी मागतात. हप्त्यावाल्याला नेमकं तेच जमत नसतं.

राहिला नवा मालक. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कराचा पहिला बोजा खुद्द मालमत्तेवर असतो, म्हणजे बाकी घराबरोबरच येते. मानेवाड्यात फ्लॅट घेताय? मग विकणाऱ्याचं ‘सगळं क्लिअर आहे’ ऐकून घ्या, चहा प्या, आणि विक्रीपत्राआधी त्याच इंडेक्स नंबरची आजच्या तारखेची थकबाकी झोनमधून काढून आणा. ती निघाली तर किमतीतून वळती करायला तेव्हाच सांगता येतं.