ओकलंडची २००२ ची टीम म्हणे टाकाऊ खेळाडूंची! जरा स्कोअरकार्ड उघडा की

आयपीएलचा लिलाव जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो, ऑफिसच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि लिंक्डइनवर तर मोठमोठे मॅनेजर लोक फोटोसकट टाकतात. मजकूर साधारण असा: अमेरिकेत बेसबॉलची ओकलंड अॅथलेटिक्स नावाची गरीब टीम होती, तिचे तीन स्टार श्रीमंत टीम्सनी पळवले, मग बिली बीन नावाच्या मॅनेजरने एका कॉम्प्युटरवाल्या पोराला हाताशी धरलं, जगाने टाकून दिलेले खेळाडू आकडे बघून स्वस्तात उचलले, म्हातारे स्काउट (खेळाडू हेरणारे लोक) हसत राहिले आणि २००२ मध्ये त्याच टीमने लागोपाठ २० मॅचेस जिंकून दाखवल्या. पैसा हरला, डेटा जिंकला, आयपीएलवाल्यांनो शिका काहीतरी.

हे सगळं त्या ब्रॅड पिटच्या 'मनीबॉल' सिनेमातनं आलंय हे उघड आहे. सिनेमा झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्याच्या जिवावर अख्ख्या सीझनचा इतिहास सांगायचा म्हणजे अतीच झालं. (आणि बीन जनरल मॅनेजर होता, म्हणजे खेळाडू घेणं-देणं हे त्याचं खातं. मैदानावरचा मॅनेजर आर्ट हाऊ, तो वेगळा. असो.)

"टाकून दिलेले खेळाडू" इथनंच सुरू करतो, सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

त्या टीमचा बॅरी झिटो २००२ मध्ये २३ मॅचेस जिंकला, ५ हरला, आणि अमेरिकन लीगचा (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वोत्तम पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, म्हणून साय यंग अवॉर्ड घेऊन गेला. मार्क मल्डर १९ जिंकला, टिम हडसन १५. तिघांचे मिळून ५७, आणि टीमने सगळ्या सीझनमध्ये जिंकल्या १०३. आता पिचरच्या नावावर विजय लावणं हे माप जरा कच्चं आहे, मान्य, तर दुसरं घ्या: १६२ पैकी ९९ मॅचेसमध्ये ओकलंडकडनं सुरुवातीला बॉल टाकायला या तिघांपैकीच कुणीतरी उभा होता. दर ९ इनिंगला किती रन दिले (फिल्डरच्या चुकांनी गेलेले सोडून) याची सरासरी काढतात, त्यात ओकलंडचा आकडा ३.६८, अमेरिकन लीगच्या १४ टीम्समध्ये सगळ्यात चांगला.

बॅटिंगला या. शॉर्टस्टॉप या फिल्डिंगच्या जागेवर मिगेल तेहादा, १६२ च्या १६२ मॅचेस खेळला, ३४ होम रन (आपल्या सिक्ससारखे, बॉल थेट बाहेर), त्याच्या बॅटवर १३१ रन आले, आणि लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तोच. थर्ड बेसला एरिक चावेझ, त्याचेही ३४ होम रन आणि वर फिल्डिंगचं गोल्ड ग्लव्ह. म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर आणि सर्वोत्तम खेळाडू दोघंही एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसलेले, आणि फॉरवर्ड म्हणतोय टाकाऊ! सिनेमात ही मंडळी जेमतेम दिसतात हे खरंय, पण सिनेमात नाही म्हणून मैदानातही नव्हते असं थोडंच होतं.

मग ते फेमस टाकाऊ कोण? स्कॉट हॅटेबर्ग, डेव्हिड जस्टिस, चॅड ब्रॅडफर्ड. हॅटेबर्ग मूळचा कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा), कोपराची वाट लागली, थ्रो धड जाईना, मग ओकलंडने घेऊन त्याला फर्स्ट बेसला उभा केला आणि कोच रॉन वॉशिंग्टनने त्याला बसून शिकवलं. त्याने १५ होम रन मारले आणि आउट न होता बेसवर (धावण्याच्या टप्प्यावर) पोचण्याचं प्रमाण .३७४, म्हणजे १०० वेळा बॅटिंगला आला तर ३७ वेळा कसाही करून बेस गाठला. चांगलं काम, एकदम चोख. जस्टिसनेही ११ होम रन मारले. पण हे टीमचं छप्पर नव्हतं, छपराच्या भोकांवर ठोकलेला पत्रा होता. ब्रॅडफर्ड तर २००१ मध्ये ओकलंडकडनंच खेळला होता, आणि जेरेमी जिआंबी, ज्याला सिनेमात नवीन शोध म्हणून आणतात, तो २००० पासून तिथंच होता आणि २००२ च्या मे महिन्यात बीनने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकला.

"तीन स्टार गेले, आकड्यांनी त्यांची भरपाई केली." अर्धं खरं. जेसन जिआंबी न्यूयॉर्क यांकीजकडे गेला, जॉनी डेमन बॉस्टनला, जेसन इझ्रिंगहाउसन सेंट लुईसला. जिआंबी २००० चा एमव्हीपी, तो जाणं म्हणजे घाव मोठाच. पण फॉरवर्ड वाचून असं वाटतं की टीम तळाला गेली होती आणि कॉम्प्युटरने बाहेर काढली, तसं काही नव्हतं राव. २००० मध्ये ९१ जिंकून डिव्हिजन (लीगमधला आपला गट) घेतली, २००१ मध्ये १०२ जिंकल्या (फक्त त्याच वर्षी त्याच डिव्हिजनमध्ये सिअ‍ॅटलने ११६ जिंकून सगळ्यांना झाकून टाकलं), आणि २००२ मध्ये १०३. १०२ वरनं १०३, यात चमत्कार कुठेय? आणि भरपाई झाली म्हणतात ती बॅटिंगची ना? २००१ मध्ये ओकलंडने ८८४ रन केले होते, २००२ मध्ये ८००. ८४ रन कमी. लीगमध्ये रन करण्यात आठव्या नंबरला. जिआंबीची जागा भरली नाही, सरळ आहे, ती पिचर लोकांनी झाकली. तिकडे जिआंबीने पहिल्याच वर्षी यांकीजसाठी ४१ होम रन मारले.

स्काउट लोकांना येडं ठरवायचं काम फॉरवर्ड फार आवडीने करतो, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. मल्डर १९९८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर निवडलेला, झिटो १९९९ मध्ये नवव्या, चावेझ १९९६ मध्ये दहाव्या. ड्राफ्ट म्हणजे शाळा-कॉलेजातल्या पोरांची वाटणी, आदल्या वर्षी जी टीम जास्त हरली तिला आधी निवडायला मिळतं, आणि १९९७ मध्ये ओकलंड ९७ मॅचेस हरली होती. म्हणजे आधी हरले, मग चांगला नंबर मिळाला, मग स्काउटनी पोरं बरोबर पारखली. झिटो-मल्डरच्या वेळी स्काउटिंगचा प्रमुख होता ग्रेडी फ्यूसन, ज्याला सिनेमात भांडण करून हाकललेलं दाखवलंय. खरा फ्यूसन टेक्सासच्या टीमने वरची पोस्ट दिली म्हणून गेला. तेहादाचं तर बघाच, डोमिनिकन रिपब्लिकमधला गरीब घरचा पोरगा, १९९३ मध्ये २,००० डॉलरवर साइन केला, आणि तिथलं ओकलंडचं स्काउटिंग कोण बघत होतं, तर स्वतः मोठा पिचर राहिलेला जुआन मारिचाल. त्या वयाच्या पोराचे कुठले आकडे असणार लॅपटॉपमध्ये? कुणीतरी उन्हात उभं राहून बघितलं म्हणून सापडला.

कॉम्प्युटरवाला पोरगाही २००२ मध्ये अवतरला नव्हता. सिनेमातला पीटर ब्रँड हे रचलेलं पात्र, खरा माणूस पॉल डिपोडेस्टा, आणि तो १९९९ च्या सीझनआधीच ओकलंडच्या ऑफिसात आलेला. त्याच्याही आधी, बीनच्या पूर्वीचा जनरल मॅनेजर सँडी अल्डरसन होता, बेसवर पोचणं महत्त्वाचं हे त्या घरात त्याने रुजवलं. यातली मूळ कल्पना खोटी नाहीये हां, पुढे अर्थशास्त्राच्या लोकांनी पगार तपासले तेव्हा दिसलं की त्या काळात बेसवर पोचणाऱ्यांना खरोखर कमी पैसे मिळत होते. बीनला ते आधी कळलं, श्रेय द्यायलाच पाहिजे. एका सीझनची जादू म्हणून विकू नका एवढंच.

आता २० मॅचेस. हे शंभर टक्के खरं, १३ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, अमेरिकन लीगचा तेव्हाचा रेकॉर्ड, पुढे २०१७ मध्ये क्लीव्हलंडने २२ करून मोडला. याच दिवसांत ३० ऑगस्टला खेळाडूंचा संप होणार होता, शेवटच्या दिवशी करार झाला, नाहीतर रेकॉर्ड मधेच लटकला असता. समोर कोण होतं तेही बघा: डेट्रॉइट, जी त्या वर्षी १०६ हरली, आणि कॅन्सस सिटी, जी १०० हरली. जिंकायला लागतंच, पण एवढं सांगायला काय जातं.

विसावी मॅच कॅन्सस सिटीशी, घरच्या मैदानावर, ५५ हजारांवर पब्लिक. ३ इनिंगनंतर ओकलंड ११-० पुढे, लोक मजेत, आणि मग सगळं घसरायला लागलं, नवव्या इनिंगला ११-११! त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात, ओकलंडच्या बॅटिंगला, दुसऱ्या खेळाडूच्या जागी हॅटेबर्ग आला आणि त्याने जेसन ग्रिम्सलीचा बॉल बाहेर भिरकावला, १२-११. आजही व्हिडिओ बघितला तर अंगावर काटा येतो, फॉरवर्डवाल्यांचा हा आवडता पुरावा आणि तो खरा आहे. पण अठरावी मॅच? मिनेसोटाविरुद्ध पिछाडीवर असताना शेवटच्या इनिंगला ३ रनचा होम रन मारून संपवली तेहादाने. एकोणिसावी? कॅन्सस सिटीविरुद्ध शेवटच्या इनिंगला हिट मारून संपवली, परत तेहादाने. म्हणजे हॅटेबर्गला विसावीत हिरो व्हायची संधी मिळाली ती एमव्हीपीने लागोपाठ दोनदा मॅच ओढून आणली म्हणून. हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

६ सप्टेंबरला मिनेसोटाच्या पिचर ब्रॅड रॅडकीने ६-० ने ही विजयांची मालिका थांबवली. महिन्याभराने प्लेऑफमध्ये परत मिनेसोटाच, ५ मॅचेसची सिरीज, २-२. पाचवी ओकलंडमध्ये, समोर परत रॅडकी. नवव्या इनिंगला मिनेसोटा २-१ पुढे, तिथं ओकलंडचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) बिली कॉकने ३ रन दिले, पिअर्झिन्स्कीचा होम रन त्यातलाच. ५-१. मग मार्क एलिसने ३ रनचा होम रन मारला, ५-४, स्टेडियम उभं, आणि रे डरहॅमचा बॉल हवेत उंच उडाला, डेनी हॉकिंगने झेलला, सीझन खल्लास. पहिल्याच राउंडला.

आणि इथं "पैसा हरला" वाल्यांची पंचाईत होते. ओकलंडचा पगार साधारण ४ कोटी डॉलर, यांकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास, हा फरक खरा. पण ज्यांनी ओकलंडला हरवलं त्या मिनेसोटाचा पगारही ४ कोटींच्याच घरात, आणि आदल्या हिवाळ्यात लीग ही टीम चक्क बंद करायला निघाली होती. यांकीजही २००२ मध्ये १०३ जिंकले आणि तेही पहिल्याच राउंडला गेले. चॅम्पियन झाली अनाहाइम, पगारात मधल्या पट्ट्यातली.

ओकलंड स्वस्तात का पडली याचं उत्तर लॅपटॉपमध्ये नाही, नियमात आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये नवा खेळाडू पहिली ६ वर्षं त्याच टीमला बांधलेला असतो, त्यातली पहिली ३ तर पगारावर घासाघीसही करता येत नाही, टीम देईल ते घ्यायचं. साय यंग जिंकणाऱ्या झिटोचा २००२ चा पगार ३ लाख डॉलरच्या आत होता, हो, लाख, आणि जिआंबीचा यांकीजशी करार ७ वर्षांचा १२ कोटींचा. झिटोची किंमत बाजारात कमी नव्हती, त्याला बाजारात जायची परवानगीच नव्हती. परवानगी मिळाल्यावर काय झालं? तेहादा २००३ नंतर बाल्टिमोरला, ६ वर्षं, ७ कोटी २० लाख. हडसन आणि मल्डर २००४ च्या डिसेंबरात दुसऱ्या टीम्सना देऊन टाकले (त्या सौद्यांतनंही बीनने २००६ पर्यंत टीम चालती ठेवली, हे मात्र कौशल्यच). झिटो २००६ नंतर शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोला, ७ वर्षं, १२ कोटी ६० लाख, जिआंबीपेक्षाही जास्त. आणि २००७ मध्ये ओकलंडने ७६ जिंकल्या, ८६ हरल्या. डेटा तोच, माणसंही ऑफिसात बरीचशी तीच.

राहता राहिलं आयपीएल. इथं गरीब-श्रीमंत टीमचा प्रश्नच नाही, लिलावाची पर्स सगळ्यांना सारखी, २०२५ साठी १२० कोटी. ओकलंडशी खरं साम्य शोधायचंच असेल तर चेन्नईकडे बघा: ५ वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड (आंतरराष्ट्रीय न खेळलेला) धरायचा हा जुना नियम परत आला आणि त्यांनी धोनीला ४ कोटीत ठेवला, आपल्या ऋतुराजला १८ कोटी देऊन. नियमामुळे स्वस्तात मिळालेला मोठा खेळाडू, सेम टू सेम झिटो. फक्त झिटो तेव्हा २४ वर्षांचा होता आणि धोनी ४३, आणि चेन्नई त्या सीझनला दहावी आली.