ड्रिल मारायला हीच भिंत सापडली?

बायोमेट्रिक हजेरीचं मशीन संध्याकाळी बसवलं असतं तर संस्था बुडणार होती का? हीट कपॅसिटी, म्हणजे नमुना एक केल्विननं तापवायला लागणारी उष्णता, मोजायची म्हणून सकाळपासून राबून ५ मिलिग्रॅमचा क्रिस्टल २ केल्विनवर (उणे २७१ सेल्सिअस!) आणला. हीट स्विच, म्हणजे नमुन्याला थंडाव्याशी जोडणारा चिमटा, उघडला. उघडताना त्याचे जबडेच घासून उष्णता देतात, तीही निवू दिली. ड्रिफ्ट, म्हणजे तापमानाचं आपोआप सरकणं, कशीबशी सपाट झाली, आता पल्स, म्हणजे उष्णतेचा मोजका झटका, देणार, एवढ्यात भिंतीपलीकडून घर्रर्र! आलेख थेट छताला.

बाहेर धावलो तर ड्रिलवाला म्हणतो, "साहेब, दोनच भोकं राहिलीत." दोनच! शेजारचे सुपरवायझर त्याहून थोर: "आवाज येत असेल तर दार लावून घ्या ना." अहो, आवाजाचं कोण बोलतंय! आत नायलॉनच्या दोऱ्यांवर लटकलेला होल्डर थरथरतोय, तोही मॅग्नेटच्या फील्डमध्ये, म्हणजे हलत्या धातूत फिरणाऱ्या विजेची, एडी करंटची, उष्णता फुकट. २ केल्विनला ५ मिलिग्रॅम तांब्याची हीट कपॅसिटी ०.१४ मायक्रोजूल प्रति केल्विन, मग दहा नॅनोवॅट शिरले तरी मुसळ केरात. हे त्या ड्रिलला कोण सांगणार?

बरं, एकट्या नमुन्याची हीट कपॅसिटी कधी मिळतच नाही. होल्डर, हीटर, थर्मामीटर, तारा, नमुना चिकटवायचं एपिझॉन ग्रीस, सगळ्यांची बेरीज मिळते. ट्रकसकट काटा करायचा आणि ड्रायव्हरच्या खिशातली चिल्लर सांगायची! ते ग्रीस तरी सरळ असावं? तोलूनमापून लावा, २०० केल्विनच्या वर गेलं की आलेखावर स्वतःचं टेंगूळ काढणारच. पूर्वी नमुना थंड करायला हीट स्विचऐवजी एक्सचेंज गॅस वापरायचो. तो मेला रात्रभर पंप करूनही भिंतींना चिकटून बसायचा आणि ऐन मोजणीत सुटायचा. आणि शोधनिबंध तपासणारा रेफरी विचारतो, एरर बार एवढे मोठे का!

"रिलॅक्सेशनवर करा की, बटण दाबलं की झालं," म्हणणारे तर माझ्या डोक्यातच जातात. त्यात नमुना थोडा तापवून तो निवतानाच्या वक्रावरून उत्तर काढतात. फर्स्ट ऑर्डर ट्रांझिशनचा (बर्फ वितळण्यासारख्या बदलाचा) सुप्त उष्मा तुमच्या एक्सपोनेन्शियल फिटमध्ये कोंबून दाखवा, मग बोला. शास्त्रज्ञ नेर्न्स्टनं बर्लिनमध्ये १९१० च्या सुमारास निर्वात कॅलरीमीटरवर असेच पल्स दिले होते. त्याच्या दाराशी हजेरी लागत नव्हती, सुखी माणूस.

काल घरी बायको म्हणाली, चहा निवतोय. मी म्हटलं, थांब, ड्रिफ्ट लिनियर होऊ दे. ती काही बोलली नाही, सवय झालीये.

असो. डेवरच्या, म्हणजे आमच्या थर्मासच्या, तळाशी थंड करायचं थोडं हीलियम उरलंय. कुणाचा रविवारचा स्लॉट रिकामा असेल तर कळवा. रविवारी लिफ्ट बंद असते, तेवढीच थरथर कमी.