ताडोबाचा इतिहास 1955 च्या आधीही आहे

'1955 मध्ये उद्यान जाहीर झालं आणि ताडोबाचा इतिहास सुरू झाला,' हे तुमच्या ताडोबा अभयारण्यावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. उद्यानाला ज्याचं नाव मिळालं तो तारू गोंड आदिवासींचा देव. वाघाशी झुंजताना त्याला मरण आलं अशी आख्यायिका आहे आणि त्याचं ठाणं आजही तलावाकाठी आहे. मोहर्लीच्या प्रवेशद्वाराकडून आत जाताना रस्त्याकडेला जे जुने दगडी खांब दिसतात, ते गोंडराजांच्या काळातले मानले जातात. आमच्या जिप्सीतल्या गाइडने ते आपणहून दाखवले, त्याचे मनापासून आभार. बहुतेक गाड्या वाघाच्या मागे या खांबांसमोरून भरधाव निघून जातात.

दुसरं म्हणजे, लेखात गवताळ कुरणांचं भरभरून कौतुक आहे, पण ती आली कुठून याचा उल्लेखच नाही. नवेगाव, जामणी ही जंगलातली गावं उठून बाहेर गेली आणि त्यांच्या शेतजमिनींवर गवत वाढलं. त्या गवतावर चितळ आले, चितळांमागे वाघ. पर्यटक जिथे तासन् तास कॅमेरे रोखून बसतात, तिथे कुणाचं तरी धानाचं शेत होतं! संवर्धनाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, स्थलांतराचा वाघांना फायदा झाला हेही खरंच. पण घरदार सोडलेल्या त्या माणसांवर लेखात एक ओळसुद्धा नसावी? पुढच्या भागात पुनर्वसित गावांत जाऊन त्यांच्याशी बोला. जमीन कशी मिळाली, पाण्याचं काय झालं, तारूच्या दर्शनाला आता कसं जाता येतं, हे त्यांच्याच तोंडून वाचायचं आहे.