ओल्ड आयर्नसाइड्सवरचा डोंबिवलीकर

स्थानक आणि गर्दी या दोन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात, अशी शंकाही डोंबिवलीत जन्म काढलेल्या माणसाला कधी येत नाही. पुलावर खांद्याला खांदा लागला नाही, तर ‘आज बँक हॉलिडे आहे का हो?’ असे आम्ही शेजारच्याला विचारतो. निवृत्तीनंतर मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात आलो, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, लाइट रेलचं, म्हणजे ट्रामसारख्या गाडीचं, स्टेशन चालत जाण्याजोगं आहे, तुम्हाला एकट्यानं कुठंही फिरता येईल.” हे ऐकून मी निर्धास्त झालो. मोटार चालवता येत नाही म्हणून अमेरिकेत घरकोंडी झालेल्या आईवडिलांच्या कहाण्या मी डोंबिवलीच्या कट्ट्यावर पुष्कळ ऐकल्या होत्या. जिथे रुळ आहेत तिथे डोंबिवलीकराचे काही अडत नाही, असा माझा समज होता. रुळ होते, अडचण होती ती माणसांची.

हे स्थानक सांता क्लारा शहरात टॅस्मन ड्राइव्ह नावाच्या रुंद रस्त्याच्या मधोमध आहे आणि त्याचे नाव आहे ओल्ड आयर्नसाइड्स. स्थानकाला हे नाव शेजारच्या रस्त्यावरून मिळाले. मुळात ते १७९७ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेचे टोपणनाव. १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांचे तोफगोळे म्हणे तिच्या ओकच्या फळ्यांवर आपटून परत गेले, म्हणून ती ‘आयर्नसाइड्स’, लोखंडी अंगाची. ती नौका अजून बोस्टनला तरंगते आहे. आसपासच्या रस्त्यांची नावेही पॅट्रिक हेन्री, बेट्सी रॉस, बंकर हिल अशीच असल्यामुळे, साधी भाजी आणायला निघालो तरी अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध ओलांडून जावे लागते. जवळच ‘ग्रेट अमेरिका’ नावाचे करमणुकीचे उद्यान आहे. तेही १९७६ साली, म्हणजे त्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्याच वर्षी उघडले.

त्याच १९७६ साली या परगण्यातल्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मान्य केली होती. शेजारच्या सॅन होजे शहरातली जुनी ट्राम १९३८ साली बंद पडली होती आणि मधल्या काळात जर्दाळू-आलुबुखाऱ्याच्या बागा जाऊन तिथे कारखाने, कचेऱ्या आणि त्यांची अफाट वाहनतळे आली होती. अखेर ११ डिसेंबर १९८७ रोजी नव्या लाइट रेलचा पहिला टप्पा सुरू झाला आणि त्याचे उत्तरेकडचे टोक म्हणजे आमचे ओल्ड आयर्नसाइड्स. डिसेंबर १९९९ मध्ये मार्ग पुढे माउंटन व्ह्यूपर्यंत गेला, तोवर बारा वर्षे हे शेवटचे स्थानक होते. आता माउंटन व्ह्यूची ऑरेंज लाइन इथून पुढे जाते, पण सॅन होजेतून विंचेस्टरला जाणारी ग्रीन लाइन आजही इथूनच सुटते.

गाडी इथूनच सुटते, या वाक्याचे मोल डोंबिवलीकराला सांगायला नको. आमच्याकडे खिडकीसाठी माणसे आधी उलटी कल्याणला जातात आणि तीच गाडी धरून परत येतात. धावत्या डब्यात उडी मारून रुमाल टाकणे ही आमची पिढ्यान् पिढ्यांची विद्या. तेव्हा पहिल्या दिवशी मी फलाटावर पवित्रा घेऊन, पिशवी छातीशी धरून, डोळे रुळांवर रोखून उभा राहिलो. गाडी आली, दार माझ्यासमोरच उघडले आणि मी मुसंडी मारून आत शिरलो. आत सगळ्या खिडक्या माझ्याच होत्या. रुमाल टाकायचा तरी कोणासमोर? कोणत्या बाजूला ऊन येईल, कोणत्या बाकावर पाय पसरता येतील, याचा इतका विचार करावा लागला, की गाडी सुटली तरी मी दारापाशीच उभा होतो. पुढे मी तिथेच उभा राहू लागलो. सवयीच्या जागी जरा बरे वाटते.

स्थानकावरच्या सोयींबद्दल बोलायचे तर छप्पर आहे, बाक आहे, तिकिटाचे यंत्र आहे, क्लिपर नावाचे प्रवासाचे कार्ड टेकवण्याचे यंत्र आहे आणि मार्गाचा नकाशा आहे. तिकीटखिडकी नाही, स्टेशनमास्तर नाही, चहाची टपरी नाही, आणि शौचालयाची व्यवस्था घरून निघण्यापूर्वीच करून यावी लागते. पण खरी उणीव आहे ती विचारण्याची. आमच्या फलाटावर ‘ही ठाणे फास्ट का?’ असे हवेत विचारले, तर पाच जण उत्तर देतात, त्यांतली दोन उत्तरे चुकीची असतात आणि उरलेले तिघे त्यावरून वाद घालतात. तेवढ्यात गाडीही येते. इथे गाडी पंधरा-वीस मिनिटांनी येणार, तोवर मी आणि नकाशा. कधी एक तेलुगू गृहस्थ येत. तेही मुलाकडेच आलेले होते. ‘ग्रीन आहे की ऑरेंज?’ हा प्रश्न आम्ही एकमेकांना, उत्तर ठाऊक असूनही, आळीपाळीने विचारत असू.

चढायला मात्र हे स्थानक देखणे आहे. सुरुवातीच्या गाड्यांना पायऱ्या होत्या आणि चाकाच्या खुर्चीसाठी फलाटावर वेगळे उचलयंत्र वापरावे लागे. २००० नंतरच्या काही वर्षांत जपानी कंपनीच्या बुटक्या गाड्या आल्या आणि डब्याची जमीन फलाटाच्या पातळीला आली. जुन्या गाड्या सॅक्रामेंटो आणि सॉल्ट लेक सिटीला विकल्या गेल्या. आता खुर्चीतली आजी कोणाच्याही हाताशिवाय सरळ आत जाते आणि सायकलवाला आपली सायकल आकड्याला उभी टांगून ठेवतो. डोंबिवलीच्या आठ-बावीसमध्ये सायकल टांगण्याची कल्पना मी एकदा करून पाहिली. सायकल टांगली गेली, पण तिच्या प्रत्येक आऱ्याला एकेक डबेवाली पिशवी लटकलेली दिसली.

माझा मुक्काम बहुधा सॅन होजेच्या मोठ्या ग्रंथालयापर्यंत असे. हे ग्रंथालय शहर आणि विद्यापीठ मिळून २००३ पासून चालवतात. वाटेत ऑर्चर्ड नावाचे स्थानक लागते, मग बोनाव्हेंतुरा, आणि लगेच कंपोनंट. फळबागेपासून सुट्या भागापर्यंत सिलिकॉन व्हॅली नावाच्या या खोऱ्याचा सगळा इतिहास दोन-तीन थांब्यांत उरकतो. एकही बाग दिसत नाही. दिसतात ती वाहनतळे, आणि गाडी रिकामी का, याचे उत्तर त्यातच आहे. कचेरीच्या दाराशी मोटार फुकट लावता येत असताना माणूस रेल्वेने कशाला येईल? शहराच्या मध्यात शिरल्यावर गाडी इतकी हळू चालते, की पदपथावरची बाळगाडी तिच्या पुढे जाते. आणि रस्त्यावरच्या लाल दिव्याला रेल्वेने थांबावे, हे दृश्य पाहून तर मी मान खाली घालत असे.

तिकीट तपासायला फलाटावर दरवाजे नाहीत. कार्ड टेकवा आणि बसा. अधूनमधून तपासनीस येतो. माझ्या उभ्या नोकरीत फर्स्ट क्लासचा पास खिशात असताना टीसी कधी भेटला नाही, ही खंत होती. ती इथे फिटली. तपासनीस डब्याच्या त्या टोकाला असतानाच मी कार्ड काढून हात लांब करत असे, आणि तो निघू लागला की त्याला अजून थोडे थांबवून हवापाण्याची चौकशी करत असे.

मग सप्टेंबर आला. पुढचेच स्थानक ग्रेट अमेरिका, आणि त्याला लागून २०१४ साली उघडलेले अमेरिकन फुटबॉलचे लीव्हाइज स्टेडियम. तिथे साठ हजारांवर माणसे बसतात. रविवारी सकाळी सहज फलाटावर गेलो तर माउंटन व्ह्यूकडून आलेली गाडी लाल सदऱ्यांनी गच्च भरलेली. फलाटावरचे लोक संकोचाने मागे सरकले, पुढच्या गाडीची वाट बघू म्हणाले. त्यांच्या या दुबळेपणाची मला कीव आली. मी पिशवी छातीशी धरली, खांदा तिरका केला, “जरा आत सरका!” असे शुद्ध मराठीत ओरडलो, आणि काय आश्चर्य, सगळे सरकले. माझ्या पाठोपाठ दहा-बारा जण आत आले. एक धिप्पाड गृहस्थ माझ्या पायावर उभे होते. त्यांनी माफी मागितली. मी म्हटले, असू दे, घरचेच आहे.

आता फ्रिजवर सामन्यांचे वेळापत्रक चिकटवलेले आहे. सासऱ्यांना अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली, असे सून कौतुकाने मैत्रिणींना सांगते. त्या खेळाचे नियम मला अजून समजलेले नाहीत. पण दुपारी एकचा सामना असला, की अकराच्या सुमारास जी गाडी येते तिला खरी गर्दी असते, आणि परतीला त्याहून अधिक.