जावई धडधाकट आहे, मग तपासणी कशाला?

भांडुपला दिलेल्या माझ्या चुलत बहिणीच्या सासरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असा: संबंध नीट होत असतील तर पुरुषात दोष असूच शकत नाही, चाळीस थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं, म्हणून ते महिनोन्‌महिने साठवावं, तरुणपणी हस्तमैथुन केल्याने ते पातळ होतं, घट्ट चड्डी आणि मांडीवरचा लॅपटॉप टाळावा, आणि तरीही उणीव वाटली तर ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घ्यावीत. 'डॉक्टर हे सांगत नाहीत' हे शेवटी आहेच.

सासूबाईंनी तो बहिणीला मुद्दाम वेगळाही पाठवला. मूल होत नाही म्हणून तिच्या सोनोग्राफ्या झाल्या, रक्ताच्या तपासण्या झाल्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे झाला, तो दुखतो किती ते करून घेतलेल्या बाईला विचारा. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, वीर्यतपासणीसाठी अजून लॅबची पायरी चढलेले नाहीत. मी दादरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वीर्याचे नमुने रोज बघते. त्यामुळे माझं डोकं जरा जास्तच तापलंय.

पहिला मुद्दाच सगळ्यात घातक, म्हणून त्याचंच आधी. संबंध होणं वेगळं आणि वीर्यात शुक्राणू असणं वेगळं. नसबंदी केलेल्या पुरुषाचा विचार करा. त्याचं सगळं पूर्वीसारखंच चालतं, वीर्यही येतं, फक्त त्यात शुक्राणू नसतात. वीर्याचा बहुतेक द्रव प्रोस्टेट आणि वीर्याशयातून येतो, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. म्हणून डोळ्यांना दोन्ही वीर्यं सारखीच दिसतात. स्लाइडवर थेंब टाकायचा, कव्हर स्लिप ठेवायची, मायक्रोस्कोपखाली बघायचं, तेव्हा कुठे कळतं. कधी कधी अख्खी स्लाइड पालथी घातली तरी एकही सापडत नाही. मग नमुना मशिनमध्ये फिरवून तळाचा गाळ बघतो. तिथेही काही नसलं तर रिपोर्टवर 'निल', म्हणजे शून्य, लिहावं लागतं. आणि बाहेर बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला माणूस चांगला व्यायामाने कमावलेला असतो.

कारणं अनेक: वाटेत अडथळा, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोषांना आलेली सूज, लहानपणी खाली न उतरलेले अंडकोष. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी असेल तर बऱ्याचदा अंडकोषांच्या शिरा फुगलेल्या सापडतात, ज्याला डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीला असतं. आणि हो, पहिलं मूल झालेल्या पुरुषाचा काउंटही नंतर घसरू शकतो.

आता ती ताकदीची इंजेक्शनं. याच्याइतका उलटा सल्ला मी वाचलेला नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी अंडकोषांना इशारा देणं थांबवते आणि शुक्राणू बनणं मंदावतं, कधी पार बंद पडतं. म्हणून तर १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने ही इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अभ्यासली होती! मूल हवंय म्हणून गर्भनिरोधक टोचून घ्यायचं. जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून घेतलेल्यांनाही हेच लागू. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण महिने जातात, आणि सगळ्यांचा येईलच असं नाही.

चाळीस थेंबांचं काय बोलायचं. शुक्राणू अंडकोषात तयार होतात, त्याला सुमारे अडीच महिने लागतात, रक्त आटवून नाही. हस्तमैथुनाने ते संपत नाहीत. महिनोन्‌महिने साठवल्याने उलट म्हातारे, सुस्त शुक्राणू जमतात. तपासणीआधी २ ते ७ दिवसांचंच अंतर ठेवायला सांगतात, ते उगाच नाही.

चड्डीचं मात्र, नाइलाजाने, अर्धं मान्य. अंडकोष शरीरापेक्षा थोडे थंड राहावे लागतात, त्यामुळे भट्टीसमोर तासन्‌तास उभं राहणाऱ्याला उष्णता भोवू शकते. पण नुसती चड्डी बदलून 'निल'चा काउंट होत नाही. आणि तंबाखू-गुटख्याबद्दल त्या फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही, हे कसं?

रिपोर्ट हातात आला की घाबरणारेही असतात, म्हणून आकडे सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार खालची मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू, त्यातले ४२ टक्के हलणारे आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. होय, चारच. '९६ टक्के बिघडलेत' म्हणून रडायची गरज नाही. शिवाय महिन्यादोन महिन्यांपूर्वी सणसणून ताप आला असेल तरी आकडे पडतात, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, पुन्हा करतात.

जावईबापूंसाठी एवढंच: ना सुई, ना भूल, खर्चही बायकोच्या तपासण्यांपुढे किरकोळ. नमुना घरून आणायचा तर तासाभराच्या आत, शर्टाच्या आत अंगाजवळ ठेवून आणायचा. भांडुपहून लोकलचा भरवसा नसेल तर लॅबमध्येच द्या, वेगळी खोली असते. बाटली बायकोच्या हाती पाठवू नका, आणि लेबलवर नाव स्वतःचंच लिहा, मित्राचं नको. नंतर डॉक्टर तो रिपोर्ट मानत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागतं.