मार्गशीर्षातली बाळंतीण

मार्गशीर्षात साताऱ्याची थंडी हाडात शिरते. नेमका तोच महिना साधून गल्लीतली काळी कुत्री आमच्या जिन्याखाली व्याली. माहेर कुठलं धरायचं, हे तिनं परस्पर ठरवलं होतं.

आईनं लगेच सूत्रं हातात घेतली. खाली बारदान, वर जुनं नऊवारी, वाऱ्याच्या बाजूला पत्रा. शेगडीही ठेवणार होती. पहिले पंधराएक दिवस पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, हे खरंच. पण शेगडीनं जिना पेटला असता. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवण्यावर तडजोड झाली. मग डिंकाचे लाडू निघाले. त्यात मनुके, आणि मनुके कुत्र्याला विषारी. शेजारच्या काकू कंदी पेढे घेऊन आल्या. तेही तिला चालत नाहीत. पण आणलेलं परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून ती जबाबदारी मी घेतली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "अंगावर पाजतेय तोवर दुपटी-तिपटीनं खाऊ घाला. अंडी, चिकन."

आमच्या घरात मार्गशीर्ष कडक! गुरुवारी घट, महिनाभर अंडंसुद्धा नाही. चिकनवाल्यानं मला पाहून सुरी खाली ठेवली.

"काय दादा, मार्गशीर्षात?"

"कुत्रीसाठी."

"व्हय व्हय," तो म्हणाला. आणि पिशवी मी न सांगता काळी दिली.

हिनं गच्चीवर वेगळी शेगडी आणि कडा चेपलेलं पातेलं दिलं. मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. शिजवलेल्या हाडाचे तुकडे आतड्यात टोचतात, म्हणून एकेक हाड वेचायचं. बोटं तुपकट, नाकात वाफ, आणि खालून आईचा आवाज, "चाटू नकोस रे!" महिनाभर उपाशी माणसाकडून देवानं घ्यावी अशी ही परीक्षा नव्हे.

एवढं करून ताट ठेवायला गेलं की काळी माझ्यावरच गुरगुरायची. पिल्लांचं सगळं तीच बघायची. चाटून चाटून त्यांना शू करायला लावायची आणि घाण स्वतः गिळून जागा लख्ख ठेवायची. त्यातला एक जाड्या कायम सगळ्यांच्या डोक्यावरून सरकत सडापर्यंत पोचायचा. डोळे मिटलेले, पण वाट पाठ. बारक्या तोंड उघडून हवेलाच चोखत बसायचा. मी जाड्याला उचलून बाजूला ठेवायचो. तो चिंचोळ्या आवाजात तक्रार करत परत तिथंच.

शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायका देवीपुढे मिनिटभर आणि जिन्याखाली अर्धा तास होत्या. पिल्लांचे डोळे उघडले होते. कुणाच्या तरी चपलेचा अंगठा जाड्यानं त्याच दिवशी चोखून ओला केला.

महिना संपला तसा पहिल्याच रविवारी मी मोठी पिशवी आणली. ही वाटण परतायला लागली. मी पाटावर बसलोसुद्धा.

"थांब," आई म्हणाली. "मसाला पडायच्या आधी काळीचं काढ. आणि हाडं नीट वेच."